वीस किंवा पंचाहत्तर, मधलं काही नाही

आज अर्थिंग स्विच आणि ब्रेकर यांच्यातल्या इंटरलॉककडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. शिरोली एमआयडीसीतून एक पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे.

पत्रलेखक एका फाउंड्रीत देखभाल सांभाळतात. इंडक्शन फर्नेसचा भार मोठा, त्यामुळे वीज ११ हजार व्होल्टला येते. नवं एचटी पॅनेल बसवलं आणि विद्युत निरीक्षकांनी शेरा मारला : पॅनेलच्या मागची जागा नियमात बसत नाही. ते लिहितात, ‘मागे चांगली दीड फूट जागा आहे. शेजारच्या कारखान्यात पॅनेल भिंतीपासून जेमतेम सहा इंचांवर आहे, त्यांना शेरा नाही. जास्त जागा सोडली हा आमचा गुन्हा का?’

निरीक्षक बरोबर आहेत आणि शेजारीही बरोबर आहे! १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम ५१ काढून बघा. स्विचबोर्डच्या पाठीमागे जोडण्या किंवा उघडे भाग असतील, तर मागची जागा एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर ७५ पेक्षा जास्त. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, त्यांनीही हेच आकडे उचलले. सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर : चालेल. दीड फूट म्हणजे पंचेचाळीस : नाही चालणार.

हे आकडे विजेच्या उडीसाठी आहेत, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. सपाट, समांतर पृष्ठभागांमधली हवा भेदायला दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. ११ हजारांच्या पॅनेलमध्ये उघड्या बसबारपासून पत्र्यापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर हवा ठेवतात, तीही आकाशातल्या विजेमुळे लाइनवर येणाऱ्या ७५ हजार व्होल्टच्या लाटेचा विचार करून. मग भिंत पंधरावर आहे की पंचेचाळीसवर, याच्याशी विजेला काय देणंघेणं?

देणंघेणं आहे ते माणसाच्या अंगाला. कारण नियमात लिहिलेलं नाही, पण टेप घेऊन उभं राहिलं की दिसतं. २० सेंटिमीटरच्या फटीत मोठा माणूस आडवा होऊनही शिरू शकत नाही. ७५ मध्ये तो शिरतो, वळतो, वाकतो, स्पॅनर फिरवतो आणि कोपर कशाला न लावता बाहेर येतो. पंचेचाळीसमध्ये काय होतं? तो शिरतो. आत गेल्यावर छाती पॅनेलकडे, पाठ भिंतीला आणि हात हलवायचा तर एकाच दिशेने : पॅनेलच्या.

त्यात आर्क झाला तर? गेल्या खेपेला लोडवर ओढलेल्या आयसोलेटरची ज्वाळा आपण पाहिली. राल्फ ली या अमेरिकन अभियंत्याने १९८२ साली लेख लिहून सांगितलं, की शॉक लागला नाही तरी आर्कच्या नुसत्या उष्णतेने माणूस भाजून मरू शकतो. शिवाय तांब्याची वाफ होताना तिचं आकारमान हजारो पटींनी वाढतं, त्यामुळे धक्का स्फोटासारखा बसतो. समोर उभा असलेला माणूस निदान मागे फेकला जातो. पंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये फेकलं जायलाही जागा नाही. म्हणूनच ७५ च्या पुढे गेलात, तर त्या बोळाला पॅनेलच्या दोन्ही टोकांकडून वाट हवी आणि १.८ मीटर उंचीपर्यंत ती मोकळी हवी, असंही तोच नियम सांगतो. नेमकं हेच वाक्य सगळे विसरतात. एका टोकाला कॅपॅसिटर पॅनेल आणून ठेवतात आणि वाटेचा सापळा करून टाकतात.

मोजायचं कुठून, यावरही वाद होतात. ड्रॉइंगवर पत्र्यापासून भिंतीपर्यंत ८० दिसतात आणि सगळे खूश असतात. पण नियमाप्रमाणे माप सुरू होतं ते सर्वांत जास्त बाहेर आलेल्या भागापासून. केबल बॉक्स वीस सेंटिमीटर पुढे आला की ८० चे ६० झाले. माझ्या ओळखीचे एक निवृत्त निरीक्षक टेप सहसा काढायचेच नाहीत. कारखान्याच्या व्यवस्थापकांना हसून म्हणायचे, ‘साहेब, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो.’ साहेब पोटाशी अडकले की पुढचा वाद संपायचा.

‘मागचं सगळं झाकलेलं आहे, उघडं काहीच नाही,’ असा युक्तिवाद पत्रातही आहे. मला तो पटत नाही. केबल टेस्टिंगच्या दिवशी मागचा पत्रा खोलतात, तेव्हा झाकलेलं काय राहतं? आणि तो पत्रा खोलणारा बहुतेक वेळा कंत्राटदाराचा नवखा पोरगा असतो. कारण तिथे मावतो तोच.

दुसरा प्रश्न : दोन्ही टोकांना जाळी लावून कुलूप घातलं तर? नको. आज कुलूप, उद्या किल्ली स्टोअरमध्ये, परवा आत शिडी, झाडू आणि उरलेल्या केबलचं वेटोळं. अशी ‘बंद’ जागा मी मोकळी कधीच पाहिलेली नाही.

मग करायचं काय? पॅनेल पुढे ओढून मागे ७५ च्या वर जागा काढता येईल, पण समोरचा एक मीटर सुटता कामा नये. तोही याच नियमात आहे. इन्सुलेटिंग मॅट त्या मीटरमध्येच पडते. मागे ढकलायचं असेल, तर केबल समोरून जोडता येणारं पॅनेल हवं. तुमचं पॅनेल मागून जोडणीचं असेल, तर हा पर्याय बादच. दोन्हींत केबल ट्रेंच आडवी येणार आणि खर्च होणार. शेजाऱ्यांचं पॅनेल बहुधा समोरून जोडणीचं असावं. त्यांनी खरेदीच्या वेळीच विचार केला.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे एचटी रूम आहे, त्यांनी या आठवड्यात पॅनेलच्या मागचं अंतर मोजावं, केबल बॉक्सपासून. आकडा २० आणि ७५ च्या मध्ये निघाला तर पुढच्या शटडाऊनपर्यंत तिथे कुणालाही पाठवू नका, आणि तेव्हाही परमिटशिवाय नाही. इंटरलॉक पुढच्या आठवड्यात.