युनिया पुरुष नव्हती: सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजातल्या स्त्रिया

ख्रिस्ती इतिहासातली स्त्री म्हटलं की आपल्याला हजरत मरियम (अलैहिस्सलाम) आठवतात. साहजिकच आहे. कुरआनात नावाने उल्लेख असलेल्या त्या एकमेव स्त्री आहेत आणि १९वी सूरह त्यांच्याच नावाची आहे. पण हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायका नेमकं काय करत होत्या? याचं उत्तर नव्या करारातच सापडतं.

इ.स. ५७च्या सुमारास पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं. त्याचा १६वा अध्याय म्हणजे बहुतेक नावांची यादीच, म्हणून वाचणारे भरभर पुढे जातात. पण त्यात दहा स्त्रियांचा उल्लेख आहे. पहिली फिबी. ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची 'दियाकोनोस', म्हणजे सेवक होती. हाच शब्द पौल इतरत्र स्वतःसाठीही वापरतो. मग प्रिस्का आणि तिचा नवरा अक्विला. त्यांच्या घरी मंडळी जमत असे, आणि इथे बायकोचं नाव आधी आहे.

सातव्या वचनात अंद्रोनिक आणि युनिया येतात. दोघं पौलाबरोबर तुरुंगात होते आणि 'प्रेषितांमध्ये नामांकित' होते. काही अभ्यासक याचा अर्थ 'प्रेषितांना चांगले माहीत' असा लावतात. पण चौथ्या शतकातला धर्मगुरू जॉन क्रिसोस्टम, ज्याची मातृभाषाच ग्रीक होती, तो युनियाला प्रेषित समजूनच तिचं कौतुक करतो.

पुढे मात्र गंमत झाली. बाई प्रेषित कशी असेल, या विचाराने युनियाचा 'युनियास' हा पुरुष केला गेला. पत्रातल्या शब्दरूपात स्त्री-पुरुष हा फरक फक्त उच्चाराच्या चिन्हाचा होता, आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत अशी चिन्हंच नसत. अडचण एवढीच की 'युनियास' हे नाव त्या काळच्या कुठल्याही शिलालेखात मिळत नाही, तर 'युनिया' रोममध्ये सर्रास मिळतं. तरीही अभ्यासकांच्या नेहमीच्या वापरातल्या नेस्ले यांच्या ग्रीक आवृत्तीत १९२७ पासून पुरुषी रूप छापलं जात होतं. ते १९९८ मध्ये बदललं.

बाहेरचा पुरावाही आहे. इ.स. ११२च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातला रोमन सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो, की ख्रिस्ती लोकांची माहिती काढायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला. त्यांच्या समाजात या बायकांना 'सेविका' म्हणत. म्हणजे गुलाम स्त्रीलाही तिथे पद होतं.

मग 'स्त्रियांनी गप्प राहावं' ही वचनं? तीही आहेत: करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आणि तिमथ्याच्या पहिल्या पत्रात. पण करिंथकरांच्या त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे गृहीतच धरलेलं आहे. चर्चा फक्त डोकं झाकण्याची आहे. आणि तिमथ्याचं पत्र पौलानंतर दुसऱ्या कुणी लिहिलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

थोडक्यात, स्त्रियांना मागे सारणं नंतर वाढत गेलं. त्यासाठी ग्रंथातून नाव खोडावं लागलं नाही, एक छोटं चिन्ह पुरलं. म्हणून कुठलाही जुना ग्रंथ वाचताना मूळ शब्द कोणता आणि अर्थ कुणी लावला, हे दोन्ही विचारायला हवं.