चाळीच्या चौकात नाच बसवताना

भाद्रपद जवळ आला, की गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींतून गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची तजवीज सुरू होते, आणि नृत्याचे शास्त्रोक्त शिक्षण कधीही न घेतलेल्या एखाद्या उत्साही मुलीवर ‘यंदाचा नाच तू बसव’ अशी जबाबदारी येऊन पडते. तिची पहिली धाव साहजिकच चित्रपटातील नाचाकडे असते. परंतु त्या नाचाचा परिणाम पुष्कळ अंशी कॅमेऱ्याने साधलेला असतो. नर्तकीची भुवई जवळून दाखवावी आणि नको ते वगळावे, ही मुभा चौकातल्या नाचाला नसते.

चौकाचा प्रेक्षक निराळ्या जागी बसतो. 1893 साली ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ झाला, तिच्यासारख्या गिरगावातल्या चाळींत बरीचशी मंडळी मजल्यामजल्यांच्या गॅलऱ्यांत कठड्याला रेलून कार्यक्रम पाहतात. इतक्या उंचीवरून मुखावरील भाव दिसत नाहीत आणि हस्तमुद्राही फारशा कळत नाहीत. नाचणाऱ्यांनी भूमीवर रेखलेली आकृती मात्र स्वच्छ दिसते. म्हणूनच, नवशिक्याने रचनेचा आरंभ पदन्यासापासून न करता आकृतीपासून करावा, असे माझे ठाम मत आहे.

या विद्येचे उत्तम धडे याच वस्तीत आहेत. रत्नागिरीकडून गिरण्यांत कामास आलेल्या मंडळींनी जी जाखडी परळ-लालबागेत आणली, जिला लोक बाल्या नाचही म्हणतात आणि जिचे शक्ती-तुऱ्याचे सामने पुढे परळच्या दामोदर नाट्यगृहात रंगले, तिच्यात गायक आणि मृदंगवाला मध्यभागी बसतात व एका पायात घुंगरू बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फिरतात. पावले मोजकीच असतात. पण रिंगण आवळते, सैलावते, नाचे आत वळतात, बाहेर वळतात, लय चढत जाते, आणि तेवढ्या सामग्रीवर रात्र सरते. श्रावणातल्या मंगळागौरीच्या खेळांतही झिम्म्याचे रिंगण मोडून फुगडीच्या जोड्या होतात, जोड्यांचे पुन्हा रिंगण होते. रिंगण, जोड्या आणि ओळी या तीन आकृत्या आणि एकीतून दुसरीत जाण्याच्या वाटा एवढे भांडवल पहिल्या नाचाला पुरेसे आहे. कस लागतो तो या वाटांचा. त्या आधी कागदावर काढाव्यात, म्हणजे कोण कोणाच्या डावीकडून जाणार याचा तंटा तालमीत उद्भवत नाही.

त्यानंतर हिशेब मांडावा. मिनिटाला 96 मात्रांच्या गतीने चालणारे चार मिनिटांचे गीत म्हणजे 384 मात्रा, म्हणजेच आठ मात्रांच्या कहरव्याची 48 आवर्तने. एवढ्या आवर्तनांसाठी 48 निरनिराळ्या हालचाली शोधणे हे नवशिक्याचे सर्वांत मोठे व सर्वांत व्यर्थ कष्ट होत. सहा-सात हालचाली निवडाव्यात, मुखडा येईल तेव्हा एक ठरलेली हालचाल नेमाने परत आणावी आणि अंतऱ्यात आकृती बदलावी; पुनरावृत्तीनेच प्रेक्षक नाच ओळखू लागतो. आकृतीचा बदल समेवर पुरा झाला पाहिजे, हा दंडक मात्र कधी मोडू नये.

बंधन हे रचनेला पोषकच असते. तंजावरच्या सरफोजीराजांच्या नावे असलेल्या मराठी नृत्यप्रबंधांत अठरा जिन्नस एकाच रागात व एकाच तालात गुंफून एक कथासूत्र चालवलेले आहे. आणि मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी तो मराठी ठेवा अभ्यासून भरतनाट्यमच्या रंगमंचावर आणला, तेव्हा इतक्या आवळ नियमांतही केवढा अवकाश असतो याची प्रचीती आली. चाळीतल्या नाचाने त्याच्याशी बरोबरी करण्याचे कारण नाही. एक गीत, एक ताल, एक कल्पना, एवढाच बोध घ्यावा.

तालमीत आधी तोंडाने मात्रा म्हणत चालावे, मग पावले, शेवटी हात. जिचे पाऊल सर्वांत कच्चे तिच्या बेताने गती ठरवावी. तिला मागच्या ओळीत दडपू नये, कारण वरून मागची ओळही तेवढीच दिसते. आकृत्या बसल्या, की नाच बसवणारीने स्वतः नाचणे थांबवून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून निदान एक तालीम पाहावी. उत्सव मंडळांच्या कार्यवाहांना माझी विनंती आहे, की त्यांनी या मुलींना चौक रोज तासभर मोकळा करून द्यावा आणि निदान तीन आठवडे आधी द्यावा.