कारभारी आजारी पडला, म्हणून दप्तर जाळू नका

मंडळी, संगणक आता गावात आला आहे. तो दूध डेअरीत आहे. सोसायटीत आहे. काही बचत गटही आपला हिशेब त्यावर लिहितात.

एखाद्या दिवशी हा संगणक अडतो. बटण दाबले तरी नीट सुरू होत नाही. सुरू झाला तर मध्येच बंद पडतो. मग तो तालुक्याच्या दुकानात नेतात. दुकानदार पाहतो आणि म्हणतो, "विंडोज बिघडलंय. सगळं पुसून नवं टाकावं लागेल."

आपण लगेच मान हलवतो. पण थांबा! त्या 'सगळं' मध्ये डेअरीचा हिशेबही आहे. कोणाचे दूध किती, कोणाची उचल किती, कोणाचे देणे किती. तो पुसला गेला, तर भांडण दुकानात होणार नाही. ते गावात होईल.

संगणकात काय काय असते, ते आधी समजून घेऊ.

संगणकात एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे विंडोज हा असाच एक कारभारी. बटण दाबले की काय करायचे, कागद छापायचा तर प्रिंटरला कसे सांगायचे, हा सारा कारभार तो पाहतो.

दुसरे असते दप्तर. आपण लिहिलेले हिशेब, पत्रे, फोटो, हे आपले दप्तर. यांना फाइली म्हणतात.

तिसरी असते आपण बसवलेली घडी. मराठी अक्षरे, प्रिंटरची जोडणी, हिशेबाचा प्रोग्रॅम, हे सगळे एकदा बसवावे लागते.

आता सांगा, गावचा कारभारी आजारी पडला तर आपण काय करतो? औषध देतो. दप्तर कोणी जाळतं का? संगणकाचेही तसेच आहे. विंडोज दुरुस्त होते, आणि दप्तर शाबूत राहते.

आधी नक्कल

कोणतेही औषध देण्यापूर्वी फाइलींची नक्कल काढा. ती पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडली, तरच नक्कल झाली असे समजा. हिशेबाचा प्रोग्रॅम आपली वही कोठे ठेवतो, तेही विचारून घ्या. तिची नक्कल विसरू नका.

संगणक सुरूच होत नसेल, तरी घाबरू नका. जाणकार माणूस डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली काढू शकतो. मात्र काही डिस्कांना बिटलॉकर नावाचे कुलूप असते. त्याची किल्ली म्हणजे ४८ अंकांचा आकडा. तो आजच कागदावर लिहून जपून ठेवा.

डिस्कच झिजली असेल, तर औषधाचा उपयोग नाही. नक्कल काढावी आणि डिस्क बदलावी.

मग औषध, हलक्यापासून जडापर्यंत

पहिले औषध हलके आहे. त्याचे नाव एसएफसी. ते विंडोजचे मोडके भाग शोधते आणि जागेवर चांगले भाग बसवते. आपल्या फाइलींना हात लावीत नाही.

दुसरे औषध म्हणजे विंडोजवरच पुन्हा विंडोज बसवणे. संगणक सुरू होत असेल तरच हे जमते. मायक्रोसॉफ्टकडून विंडोज पेनड्राइव्हवर उतरवून घेतात. पेनड्राइव्ह निदान ८ जीबीचा लागतो. चालू विंडोजमध्ये तो उघडून सेटअप सुरू करतात. सेटअप विचारतो, काय ठेवायचे? तेथे 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' हे निवडावे. म्हणजे फाइली राहतात, प्रोग्रॅमही राहतात. घडी बहुतेक तशीच राहते.

एक खूणगाठ बांधा. संगणक बंद करून पेनड्राइव्हवरूनच चालू केला, तर सगळे जसेच्या तसे ठेवण्याची ही सोय मिळत नाही.

तिसरे औषध जड आहे. त्याचे नाव रीसेट. त्यात दोन वाटा फुटतात. 'कीप माय फाइल्स' घेतले, तर फाइली राहतात. पण आपण टाकलेले प्रोग्रॅम आणि बसवलेली घडी जाते. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घेतले, तर दप्तरही जाते.

काही दुकानदार म्हणतात, "फक्त सी ड्राइव्ह पुसतो." हे ऐकून निर्धास्त होऊ नका. सी ड्राइव्ह म्हणजे डिस्कचा एक कप्पा. समोरच्या पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली बहुधा याच कप्प्यात असतात.

दुकानात विचारायचे तीन प्रश्न

एक, नक्कल काढली का? मला उघडून दाखवा.

दोन, पुसल्यावाचून दुरुस्ती होईल का?

तीन, पुसावेच लागले, तर काय काय जाईल?

उत्तरे मिळेपर्यंत "करा" म्हणू नका. संगणक गावाच्या पैशाचा आहे, आणि त्यातला हिशेब गावाच्या घामाचा आहे. विचारायला लाजायचे कशाला?