पानगळ म्हणजे मरण नव्हे

माळव्यातील राऊजवळच्या रालामंडल अभयारण्याची टेकडी मे महिन्यात उघडीबोडकी दिसते आणि ‘जंगल वाळले’ असा अनेकांचा समज होतो. होळकरांचे हे जुने शिकारीचे रान १९८९ मध्ये अभयारण्य झाले. इथले मूळ वन शुष्क पानझडी (कोरड्या ऋतूत पाने गाळणारे) आहे. माळव्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. नंतरच्या कोरड्या महिन्यांतही पर्णरंध्रांतून (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) पाण्याची वाफ बाहेर जात राहते. टाकीत पाणी कमी उरले की आपण नळ बंद करतो, तसा साग पाने गाळून पाणी वाचवतो. पळस तर निष्पर्ण असतानाच फुलतो. म्हणून बारमाही हिरवेपणा हे या जंगलाच्या आरोग्याचे माप नाही. पावसाबरोबर झाडे पालवतात का, देशी झाडांची नवी रोपे उगवून टिकतात का, हे पाहावे.