संगणकाचा कासरा कोणाच्या हाती?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खोडवा आणि हुमणी यांवर लिहावे, हा रिवाज आहे. या खेपेस विषय निराळा आहे, पण तो उसाच्या पैशाशीच येऊन भिडतो.

मागील पावसाळ्यात भुशीला एका सभासदांकडे जाणे झाले. भुशीचा पाऊस आपणास ठाऊकच आहे. तिथे भात व्हावा, ऊस नव्हे. यांचा ऊस खाली पवन मावळात, घर मात्र भुशीत. धरणावर येणाऱ्या पर्यटकांना मुलगा दोन खोल्या भाड्याने देतो, त्याचा हिशेब कॉम्प्युटरवर. चहा झाला, लागणीचे बोलणे झाले, तरी मंडळी गप्पच. शेवटी सभासदांनीच विषय काढला.

झाले असे की प्रिंटर चालेना. मुलाने इंटरनेटवर कंपनीचा मदत क्रमांक शोधला आणि सगळ्यात वर दिसला तोच लावला. तो कंपनीचा नव्हताच. पलीकडचा माणूस मोठ्या अदबीने बोलला. त्याने एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला, पडद्यावर आलेला लांबलचक आकडा विचारून घेतला आणि परवानगीचे बटण दाबा म्हणाला. बटण दाबताच माऊसचा बाण आपोआप फिरू लागला. त्याने एक यादी उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या आणि सांगितले, व्हायरस शिरलाय. (अशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असतात. विंडोज आपल्या बारीकसारीक अडखळण्याचीही नोंद ठेवते.) दुरुस्तीचे फक्त १० रुपये, बँकेतून भरा. मुलाने पासवर्ड टाकला, १० रुपयांचाच समजून ओटीपीही टाकला. मागून सभासद म्हणाले, "आरं, तुझा हात तर मांडीवर हाय, मग ह्यो बाण कोण फिरवतंय?" तेवढ्यात पडदा काळा झाला. ऊसबिलातले ४२ हजार गेले.

प्रिंटरची वायर सैल झाली होती, एवढेच.

आता ही सोयच वाईट, असे मी म्हणणार नाही. आमच्या शेतकी ऑफिसातला नोंदणीचा प्रोग्राम बिघडला, तर पुण्याहून माणूस यायला दिवस जायचा. हल्ली तो तिकडे बसूनच अर्ध्या तासात काम करून देतो. ॲनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही त्याचीच साधने. विंडोजमध्ये तर क्विक असिस्ट आयतेच असते. पण एकदा मी त्याच्या हाती कॉम्प्युटर देऊन चहाला गेलो. परत आलो तेव्हा काम संपलेले, जोडणी मात्र तशीच उघडी. काही बिघडले नाही, पण चूक माझी होती. वजनकाट्यावर आपली गाडी असताना आपण तिथून हलतो का?

तेव्हा पहिला प्रश्न हा, की फोन कोणी केला? समोरून आलेल्या फोनवर, मग तो बँकेचा म्हणो की कंपनीचा, कासरा द्यायचा नाही. आपण फोन करायचा तर क्रमांक बिलावरचा, पासबुकावरचा किंवा वस्तूच्या खोक्यावरचा घ्यावा. जोडणी चालू असेतो बँकेचे पान उघडू नये. संशय आला तर बोलत बसू नये, इंटरनेटची वायर काढावी, वायफाय बंद करावे.

मोबाईलवर तर धोका अधिक, कारण पडदा दिसला की ओटीपीचा मेसेजही दिसतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ॲनीडेस्कचा असा गैरवापर होत असल्याबद्दल बँकांना सावध केले होते. आणि पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन लागत नाही, जायचे असतील तरच लागतो.

भुशीच्या मंडळींनी लाजेपोटी दोन दिवस कोणाला सांगितले नाही, हेच जास्त महागात पडले. १९३० या क्रमांकावर लगेच कळवले, तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमांत ग्राहकाच्या हयगयीने झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे धरले होते. म्हणून आधी १९३०, मग बँकेची शाखा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

त्या घरातला प्रोग्राम आम्ही त्याच दिवशी काढून टाकला. तो राहिला असता तर पलीकडच्याला पुन्हा शिरायची वाट उघडी राहू शकत होती. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. तक्रार नोंदवली आहे, पैसे अद्याप आलेले नाहीत. ज्या सभासदांना असा काही प्रोग्राम आपल्या यंत्रात राहिल्याची शंका असेल, त्यांनी गट ऑफिसला येताना ते यंत्र सोबत आणावे.