विश्लेषण : जुन्या एमजीबीत व्ही-८ इंजिन; उघड्या छपराच्या मोटारीला हा बदल कसा मानवला?

हेक्टर आणि कॉमेटमुळे ‘एमजी’ ही अक्षरे भारतीय रस्त्यांवर ओळखीची झाली. ब्रिटनमध्ये मात्र एमजी म्हटले की अनेकांना आजही आठवते ती दोन आसनांची, कापडी छपराची एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात ती तयार होत असे. हौशी मालकांकडे असलेल्या अनेक एमजीबींच्या बॉनेटखाली आज मूळचे चार सिलिंडरचे इंजिन नाही. त्या जागी रोव्हर कंपनीचे आठ सिलिंडरचे इंजिन आहे. गंमत अशी, की त्या १८ वर्षांत कंपनीने छप्पर उघडणारी व्ही-८ एमजीबी कधी विकलीच नाही. त्यामुळे अशी गाडी दिसली, तर ती कुणाच्या तरी गॅरेजमध्ये घडलेली असते. इंजिन बदल नीट जमला तर जुनी गाडी आजच्या महामार्गावर आरामात चालते. फसला तर चांगली गाडी कायमची बिघडते आणि तिची किंमतही जाते.

मूळ इंजिनात कमी काय होते?

खरे तर फार काही नाही. १७९८ सीसीचे हे ‘बी-सीरिज’ इंजिन सुमारे ९५ अश्वशक्ती देत असे. दणकट, सरळ आणि कोणत्याही मेकॅनिकला समजेल असे. भारतीय वाचकांना त्याची ओळख वेगळ्या मार्गाने आहे. आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षे असलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले. म्हणजे ब्रिटनची स्पोर्ट्स कार आणि आपली सरकारी पांढरी गाडी, दोघींची इंजिने चुलत भावंडे.

अडचण येते ती मोठ्या रस्त्यावर. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या एमजीबीत चौथ्या गिअरला ताशी १०० किलोमीटर वेग गाठला, की इंजिन मिनिटाला जवळपास ३५०० फेरे मारत असते. उघड्या गाडीत तो आवाज तासभर ऐकणे म्हणजे शिक्षाच. अमेरिकेत पाठवलेल्या गाड्यांची अवस्था याहून बिकट होती. तिथल्या प्रदूषण नियमांमुळे १९७०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांना एकच कार्ब्युरेटर मिळाला आणि ताकद ६०-६५ अश्वशक्तीपर्यंत घसरली.

कंपनीने आधी काय करून पाहिले?

मोठे इंजिन बसवण्याचा पहिला प्रयत्न खुद्द कंपनीचाच. १९६७ मध्ये तिने एमजीसी आणली. त्यात २९१२ सीसीचे, एका ओळीत सहा सिलिंडरचे इंजिन होते आणि ताकद १४५ अश्वशक्ती. कागदावर सगळे छान. पण हे लोखंडी इंजिन मूळ इंजिनापेक्षा जवळपास ९५ किलोने जड होते आणि ते सगळे वजन पुढच्या चाकांवर आले. पुढचे सस्पेन्शनही बदलावे लागले. वळणावर स्टीअरिंग फिरवले तरी गाडीचे नाक सरळच जाऊ पाहते, अशी टीका झाली. १९६९ मध्ये, जेमतेम ९ हजार गाड्यांनंतर एमजीसी बंद झाली.

इंजिन बदलण्याचा विचार करणाऱ्याने आधी पाहावे ते हेच. ताकद ५० टक्क्यांनी वाढली आणि तरीही गाडी लोकांना आवडली नाही, कारण वजन चुकीच्या जागी पडले.

मग व्ही-८ कसे चालले?

आठ सिलिंडर म्हणजे सहापेक्षाही जड, असे कुणालाही वाटेल. पण या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. त्यामुळे ३५२८ सीसीचे हे व्ही-८ इंजिन एमजीबीच्या १७९८ सीसीच्या लोखंडी इंजिनाच्या वजनाच्या आसपासच राहते. शिवाय ‘व्ही’ आकारात मांडलेले चार-चार सिलिंडर लांबीला आखूड असतात. त्यामुळे इंजिन मागे, चालकाच्या बाजूला सरकवून बसवता येते. नाक जड होत नाही.

हे इंजिन जन्माने ब्रिटिश नाही. जनरल मोटर्सने ते १९६१ ते १९६३ या काळात ब्यूक आणि तिच्या भगिनी ब्रँडच्या गाड्यांत वापरले. अ‍ॅल्युमिनियमचे ओतकाम महाग पडते म्हणून अमेरिकेने ते सोडून दिले आणि १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. रोव्हरच्या मोठ्या सेदान, १९७०ची पहिली रेंज रोव्हर, पुढे डिस्कव्हरी अशा गाड्यांत ते या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. त्यामुळे ब्रिटनच्या भंगार बाजारात या इंजिनांचा कधी तुटवडा पडला नाही.

ते एमजीबीत बसवून विकण्याचा मान जातो केन कॉस्टेलो या माजी शर्यतपटू अभियंत्याला. १९७०च्या सुमारास त्याने केंटमध्ये अशा गाड्या तयार करायला सुरुवात केली. कार्ब्युरेटर उंच बसत असल्याने त्याच्या बॉनेटवर फुगवटा असे. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्याची गाडी पाहिली आणि १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. कार्ब्युरेटर मागे सरकवून बॉनेट सपाट ठेवले. ताकद १३७ अश्वशक्ती, म्हणजे एमजीसीपेक्षा कमीच. मात्र खेच, म्हणजे टॉर्क, सुमारे २६० न्यूटन-मीटर. मूळ एमजीबीचा टॉर्क १५०च्या आत होता. ताशी २०० किलोमीटरपर्यंत जाणारी ही गाडी तेलसंकटाच्या तोंडावर आली, त्यामुळे १९७६ पर्यंत फक्त २५९१ गाड्या बनल्या.

या सगळ्या गाड्यांचे छप्पर पत्र्याचे, कायमचे. उघड्या गाडीचे शरीर एवढा टॉर्क पेलण्याइतके ताठ नाही, हे त्यामागचे नेहमी दिले जाणारे कारण. हौशी मालकांना नेमके हेच आव्हान वाटले.

छप्पर कापले की नेमके काय बिघडते?

एमजीबीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. गाडीचा पत्राच तिचा सांगाडा आहे. बंद गाडीत छप्पर, खांब आणि तळ मिळून एक पेटी तयार होते. छप्पर काढले की पेटीचे झाकण जाते. बुटाच्या खोक्याचे झाकण काढून ते पिळून पाहा, फरक लगेच कळतो. मग सगळा भार येतो दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर. त्यांना ‘सिल’ म्हणतात. आणि एमजीबी सर्वात आधी गंजते तीही तिथेच. बाहेरून रंग चकचकीत, आत पत्र्याचा भुगा, अशा गाड्या कमी नाहीत.

म्हणून जाणकार मालक इंजिनाच्या आधी सिलकडे वळतो. ते बदलतानाही एक सापळा आहे. जुने सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करावा लागतो. तो नसेल तर गाडी मधोमध नकळत वाकते. नवे सिल बसते, रंग होतो आणि मग दार लागेनासे होते. अशा वाकलेल्या गाडीत व्ही-८ बसवणे म्हणजे कच्च्या पायावर मजला चढवणे. ज्यांचे बजेट मोठे, ते पूर्ण नवा सांगाडाच घेतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे सांगाडे पुन्हा तयार करू लागली.

इंजिनासोबत आणखी काय बदलावे लागते?

इंजिन हा या कामातला बऱ्याचदा स्वस्त भाग असतो. पैसे जातात ते बाकीच्या गोष्टींवर. सर्वात दुर्लक्षित पण मोठा फरक पाडणारी वस्तू म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल. साध्या एमजीबीत त्याचे गुणोत्तर सुमारे ३.९ आहे, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी प्रोपेलर शाफ्ट जवळपास चारदा फिरतो. व्ही-८ जीटीत ते ३.०७ केले गेले. एवढ्याने ताशी १०० किलोमीटरला इंजिनाचे फेरे ३५०० वरून २७५०च्या आसपास येतात. रोव्हरचा पाच गिअरचा गिअरबॉक्स जोडला तर आणखी खाली. जुना डिफरन्शियल तसाच ठेवून व्ही-८ बसवणाऱ्याची पहिले तीन गिअर संपवण्यातच दमछाक होते आणि महामार्गावरचा आवाज जसाच्या तसा राहतो.

मग ब्रेक. व्ही-८ जीटीला जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर दिले होते. घरी बदल करताना किमान तेवढे तरी हवेतच. मागे मात्र बैलगाडीच्या काळातले वाटावेत असे पाटेच आहेत. जास्त टॉर्कने अ‍ॅक्सल पिळू नये म्हणून अनेकजण तिथे आडवे दांडे लावतात. रेडिएटर मोठा घेऊन पुढे सरकवावा लागतो, विजेचे पंखे लागतात. एक्झॉस्टचे पाइप स्टीअरिंगच्या दांड्याला चिकटून जातात, ते वळवण्यात अनेकांचे शनिवार-रविवार खर्ची पडले आहेत. उन्हाळ्यात या पाइपांची ऊब थेट पायांपाशी येते.

यात एक विनोदही घडला आहे. १९७४च्या अखेरीस अमेरिकी सुरक्षा नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंचही झाली. चाहत्यांनी नाके मुरडली, या गाड्यांचे भाव पडले. पण त्यांचे इंजिनघर व्ही-८ जीटीच्या धर्तीवरचे असल्याने त्यात रोव्हरचे इंजिन कमी कापाकापीत बसते. नावडती ठरलेली गाडीच इंजिन बदलणाऱ्यांची आवडती झाली.

चालवताना फरक कसा जाणवतो?

वेगाची नोंद हा त्यातला गौण भाग. टॉर्क कमी फेऱ्यांतच मिळत असल्याने घाटात सारखा गिअर खाली घ्यावा लागत नाही. चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरवरून पेडल दाबले तरी गाडी कुरकुर न करता पुढे जाते. छप्पर उघडे ठेवून गप्पा मारता येतात. इंजिनाचा आवाज मोठा असला, तरी तो कर्कश नसतो. बारीक, हलकी गाडी पळवत नेण्याची मूळ एमजीबीची मजा मात्र थोडी कमी होते. ती ज्यांना हवी असते ते मूळ इंजिन ठेवून फक्त पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवतात. फारसे बोलले जात नाही, पण रोज वापरायच्या गाडीसाठी अनेकदा तोच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

१९९३ मध्ये रोव्हर समूहाने याच सांगाड्यावर ३.९ लिटरची, १९० अश्वशक्तीची उघडी एमजी आरव्ही-८ काढली. सुमारे दोन हजार गाड्या बनल्या, त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. हौशी मालकांनी जे वीस वर्षे केले, तेच शेवटी कारखान्याने केले.

नियम काय सांगतात?

ब्रिटनमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळू शकते. मात्र गेल्या ३० वर्षांत तिच्यात मोठा बदल झाला असेल तर ती मिळत नाही आणि सिलिंडरांची संख्या बदलणे सहसा त्यातच मोडते.

भारतात मामला अधिक कडक आहे. इंजिन बदलणे आपल्याला नवे नाही. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवणारे मेकॅनिक महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत होते आणि हिंदुस्थान मोटर्सनेही १९९०च्या दशकात अ‍ॅम्बेसेडरला जपानी इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन दिले. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा निघू शकतो.

जुलै २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहन नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांक मालिका दिली. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे १९७०ची मूळ एमजीबी वयाने या यादीत बसते, व्ही-८ बसवलेली तीच गाडी बसत नाही. ब्रिटनमधले अनेक मालकही म्हणूनच काढलेले इंजिन विकत नाहीत. त्यावरचा क्रमांक गाडीच्या कागदपत्रांशी जुळतो. तेल भरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ते गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवले जाते. पुढचा मालक ते परत बसवू शकतो.