चाहत्याची नजर आणि नटाचा अभिनय

आवडता कलावंत पडद्यावर येतो तेव्हा त्याच्या पूर्वीच्या भूमिकाही चाहत्याच्या मनात जाग्या असतात. ओळखीचा चेहरा विसरायला लावणे ही म्हणूनच अवघड कसोटी होय. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधील तमासगीर जयश्री गडकर आठवा. कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' (१९६५) मध्ये त्याच लोहाराची बायको होतात. ठसका, नखरा ओसरतो. उरते ती भट्टीपुढे राबणारी स्त्री. येथे संवादांहून कामात गुंतलेले शरीरच अधिक बोलते. (संवादफेकीलाच अभिनय मानण्याची आपली सवय नाटकवेडातून आली असावी.) तरीही जुनी जयश्री पुरती पुसली जात नाही. ती आठवते, म्हणूनच चाहता थक्क होतो. पहिला चित्रपट न पाहिलेल्या प्रेक्षकाला मात्र केवळ लोहारीण दिसते.